नानांच्या गाडीतला केशरी दिवा

नाना तळपद्यांना शरदचंद्र नीट ओळखत होते असं म्हणणं धाडसाचंच होईल. गिरगावात दोघांची घरं समोरासमोर, मुंजी एकाच मांडवात झालेल्या. तरी नानांना रात्री झोप लागते का, बायको गेल्यावर ते कधी रडले का, यातलं शरदचंद्रांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की हा माणूस कशालाच भीत नाही, आणि त्याच्या गाडीत शेजारी बसणारा मात्र भीतीने अर्धा होतो.

नानांनी जन्मभर वकिली केली, पण मिरवली ती ड्रायव्हिंगची ऐट. म्हातारपणी लेकीने, पद्मजाने, नवी गाडी घेऊन दिली. गाडी घसरू लागली किंवा चाकं नुसतीच गरगरू लागली, तर स्वतःच ब्रेक लावून सावरून घेणारी एक यंत्रणा तिच्यात होती. नाना सीटवर बसले की आधी ती बंद करत. एक बटण जरा वेळ दाबून धरायचं. मग काट्यांच्या मधोमध केशरी दिवा लागायचा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला.

"माझ्या जुन्या फियाटमध्ये होतं का हे? मग? आता गाडी मला शिकवणार?"

शरदचंद्र दाराच्या वरची मूठ धरून त्या दिव्याकडे बघत राहायचे.

"लोंबकळू नकोस रे, बस नाही ही," नाना म्हणायचे.

दसऱ्याला दोघे गाडीने दादरला जाऊन झेंडू आणायचे, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या वर्षी निघताना पद्मजाने शरदचंद्रांना जिन्यात गाठलं.

"काका, दिवाळीनंतर माझ्या मनवाला शाळेत सोडायचं काम बाबा मागतायत. आज जरा लक्ष ठेवाल? आल्यावर खरं काय ते सांगा. तुमच्या शब्दावर पोरीला गाडीत बसवणार आहे मी."

खरं सांगितलं तर नानांच्या हातून किल्ली जाणार, खोटं सांगितलं तर पोरीचा जीव टांगणीला. ते गाडीत बसले तेव्हा नानांचं बोट बटणावरच होतं.

"आज तरी राहू दे ना चालू," ते हळूच म्हणाले.

"आज? अरे, दसऱ्याला तलवार म्यानात ठेवतात का?" केशरी दिवा लागला.

दादरला जाताना काही झालं नाही. येताना मागची सीट झेंडूने भरली होती आणि नाना खुशीत होते. परळच्या नाक्यावर उड्डाणपुलाखाली गावाकडच्या बायका फुलं घेऊन बसल्या होत्या. फुलं टवटवीत राहावीत म्हणून पाणी मारत होत्या. देठ, पाकळ्या, पानं रस्त्यावर तुडवली जाऊन त्यांचा पिवळा चिखल झाला होता. सिग्नल पिवळा झाला, नानांनी वेग वाढवला आणि त्याच वेगात गाडी वळवली.

शरदचंद्रांना आधी वाटलं, रस्ताच सरकतोय. गाडीचं तोंड एकीकडे, ढुंगण दुसरीकडे. नाना स्टिअरिंग फिरवत होते पण गाडीला त्याचं काही नव्हतं. खिडकीत पूल आला, मग दुकानं आली, मग एका बाईचं वासलेलं तोंड आलं. मागचे झेंडू उधळून दोघांच्या मांडीवर आले. गाडी थांबली तेव्हा त्या बाईची टोपली चाकाखाली होती आणि बाई टोपलीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर.

"ओ आजोबा! गाडी हाय का भोवरा?" बाई उठून काचेवर थापा मारू लागली. "बुंगाट सुटलाय! माझी लेकरं उघडी पाडता काय? उतरा खाली!"

नानांना उतरता येईना. हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. शेवटी शरदचंद्र उतरले. त्यांनी हात जोडले, टोपलीची भरपाई केली. बाईने आत बसलेल्या नानांकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "पाणी पाजा त्यास्नी आधी. त्वांड बघा कसं झालंय."

ते गाडीत परतले तेव्हा नाना पुढे बघत बोलू लागले.

"ती यंत्रणा चालू असली ना शरद, की गाडी जरा सुटली तरी हाच दिवा लुकलुकतो. पहिल्यांदा क्वचित लुकलुकायचा. मग या पावसाळ्यात वळणावळणावर. दर वेळी वाटायचं, म्हाताऱ्या, चुकलास. भीती वाटायला लागली मला त्या दिव्याची. म्हणून यंत्रणाच बंद करायचो, मग तो नुसता जळत राहतो, लुकलुकत नाही. फियाटबियाट सगळं सांगायला."

शरदचंद्रांनी नानांच्या खांद्यावरची पाकळी काढली.

नानांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. असं केलं की ती यंत्रणा आपोआप जागी होते. सवयीने बोट बटणाकडे गेलं, पण नानांनी ते मागे घेतलं. लालबाग, भायखळा करत गाडी हातगाडीच्या चालीने गिरगावात आली. मागचे हॉर्न वाजवून थकले.

दारात पद्मजा आणि मनवा उभ्या होत्या. पद्मजाने शरदचंद्रांकडे पाहिलं. त्यांनी ओठ ओले केले. "पद्मजा, खरं सांगायचं तर..."

"थांब, मी सांगतो," नाना म्हणाले. "मनवासाठी शाळेची बस बघ."

घरात शस्त्रपूजा मांडली होती. वकिलीचं पेन, कायद्याची पुस्तकं, अडकित्ता. नानांनी त्यांच्या शेजारी गाडीची किल्ली ठेवून फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी पूजा उचलली. किल्ली मात्र नाना उचलायला गेले नाहीत.

माघात नाना बहिणीकडे राहायला माहीमला गेले आणि तिथेच झोपेत वारले. ते माहीमला निघाले तेव्हा शरदचंद्र टॅक्सीपर्यंत पोचवायला आले होते. नाना मागच्या सीटवर, दाराच्या वरची मूठ घट्ट धरून बसलेले.

"शरद, याला जरा हळू चालवायला सांग रे."

"अजून सुरू तरी केलीय का त्याने? मूठ सोड आधी."

"सोडतो. जा तू, चहा निवेल तुझा."