कोपरा नसलेलं पाकीट

माझी शाळा चौथीतच सुटली. दुष्काळात सांगोल्याकडचं गावही सुटलं आणि सोलापुरात एका निवृत्त मास्तरांकडे स्वयंपाकाला राहिले. त्यांनी खोली दिली, पत्र लिहायला शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ. तो जहाजावर भांडी घासायला होता.

मास्तरांना परदेशी टपाल तिकिटांचा नाद. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा कुठकुठल्या देशांनी तिथल्या लढाईची तिकिटं काढली. मास्तर पाकिटाचा कोपरा कापून ताटलीतल्या पाण्यात सोडायचे. डिंक सुटेपर्यंत तिकिटांवरचे गोरे शिपाई पाण्याखालून वर बघत असायचे. मला त्या ताटलीकडं जायला नको वाटायचं.

"तिकीट आफ्रिकेचं, मग मेलेली माणसं अमेरिकेची कशी?"

"मान द्यायचा म्हणून, पोरी."

"दुसऱ्याची मयतं आपल्या पाकिटावर? लई हौस की!"

मास्तर हसायचे.

भावाचं पत्र तीन महिने नव्हतं. एका दुपारी गिरणीत दळणाला बसले होते, तोच लाईट गेली. गिरणी थांबली आणि गल्लीतले सगळे यंत्रमागही एकदम थांबले. रोजच्या खडखडाटाखाली एवढी शांतता दडलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं. घरी आले तर बाहेर खिडकीच्या गजात पाकीट खोचलेलं. वर माझं नाव. कोपरा नव्हता.

आमच्याकडं मयताचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात.

मी पायरीवर बसले. पाकिटाला हात लावला नाही. आतून पाण्याचा बारीक आवाज आला, कुणी ताटलीत बोट फिरवावं तसा.

"आलीस का?" मास्तर हातात तिकिटं उचलायचा चिमटा घेऊन दारात आले. "आफ्रिकेच्या बंदरातनं आलंय! तिकीट म्हटलं लगेच काढून घ्यावं..." माझं तोंड बघून ते थबकले.

"कोपरा तुमी कापला?"

"हो."

"आदी फाटलेला नव्हता? खरं सांगा."

तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. शेजारी बसून त्यांनीच पाकीट फोडलं. "अक्षर त्याचंच आहे. सुखरूप आहे म्हणतोय."

तारीख महिन्यापूर्वीची होती; त्यानंतरचं कुणी सांगावं? माझा पाय काही आत उचलेना.

मास्तर उठले. कागदापासून अजून न सुटलेलं ते तिकीट घेऊन आले. बर्फाच्या नदीत नाव, नावेत शिपाई. असलं त्यांच्याकडं दुसरं नव्हतं. भाताच्या शितांनी त्यांनी तो कोपरा पाकिटाला परत चिकटवला.

"ने आता आत."

शितं वाळेस्तोवर मी पायरीवरच थांबले. कोपरा धरलाय ना, बोटानं चाचपून पाहिलं, आणि मगच उंबरा ओलांडला.