राबावरची शिक्षा

दहावीच्या परीक्षेला बारा दिवस उरले असताना मी माझ्या धाकट्या मुलीला पुस्तकासमोरून उठवून राब भाजायला नेलं. घरात माणसं कमी होती म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून. हे आधीच लिहून टाकतो, कारण मागचं आठवू लागलो की मी हळूच स्वतःची बाजू घ्यायला लागतो.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखरे गावाहून आत. मी मुरबाडला एका कारखान्यात शिफ्टला जातो, उरलेल्या वेळात भातशेती. शिफ्टवरून आलो की धाकटी पडवीत दिसायची, मांडीवर गणिताचं पुस्तक. एकदा ती उठून गेली तेव्हा मी गुपचूप त्या उघड्या पानावर भाताचा दाणा ठेवला. तीन दिवसांनी पाहिलं, दाणा तिथेच. नववीपर्यंत ही वर्गात पहिल्या पाचांत असायची. सरांनी मला बोलावून विचारलं होतं, घरी काही झालंय का. मी म्हणालो, काही नाही, आळस आहे.

घरी झालं होतं. दोन वर्षांपूर्वी थोरली फर्स्ट क्लासमध्ये दहावी पास झाली होती. मुरबाडच्या कॉलेजात अकरावीचा फॉर्मही भरला होता. संध्याकाळच्या जीपला गर्दी, लोक काय म्हणतील, तिच्या आईची कंबर धरलेली, असं एकेक सांगत मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष मी येऊच दिलं नाही. थोरलीनं एकदाही विषय काढला नाही आणि मी समजलो, ती विसरली.

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. तिच्यावर शेण, ऐनाच्या झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावायची, म्हणजे ती सावकाश जळते. धुरानं डोळे फुटायची वेळ येते. त्या दिवशी थोरली गवत पसरत होती. धाकटीच्या हातात मी मातीनं भरलेली पाटी दिली आणि म्हणालो, "अभ्यास नाय केलास तर जल्मभर हेच. बघून घे कसं लागतं."

थोरलीचा हात थांबला. क्षणभरच. मग ती पुन्हा गवत पसरू लागली.

धाकटीनं पाटी खाली ठेवली. "आन् तायनं तर केलावता ना अभ्यास, बाबा?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, तोंड नको चालवू, माती टाक.

दुसऱ्या दिवशी मी हाक मारायच्या आत ती पाटी घेऊन बांधावर उभी होती. पुस्तक घरी मिटून ठेवलेलं. त्यानंतर तिनं ते उघडलं नाही. पेपर सगळे दिले, पण गणिताच्या उत्तरपत्रिकेवर नंबर आणि दोन गणितं, बाकी कोरी. नापास झाली. निकालाच्या दिवशी ती रडलीसुद्धा नाही, आणि मी गावात सांगत फिरलो की पोरगी अगदीच ढिली निघाली.

फेरपरीक्षेचा फॉर्म थोरलीनं भरून आणला. मला विचारलं नाही. रोज दुपारी ती धाकटीला गणितं शिकवायला बसायची. मी दाराआडून ऐकायचो. तिला सगळं येत होतं, सूत्रंसुद्धा. ती काही विसरलेली नव्हती. तरीही मला बोलायला तीन आठवडे लागले.

फेरपरीक्षेच्या सकाळी दोघी जीपची वाट बघत रस्त्यावर उभ्या होत्या. थोरली सोबतीला निघाली होती. त्याच राबातली रोपं पलीकडे हिरवीगार दिसत होती. मी गेलो तेव्हा धाकटीला वाटलं, डबा विसरला म्हणून आलो.

"डबा नाय," मी म्हणालो. "बोलायचंय. तू आळशी नवतीस गो. शिकून काय होतं, ते तू तायकडं बघून शिकलीस, आन् ते तसं मी केलंवतं." मग थोरलीकडे वळलो. तिच्याकडे बघणं जास्त जड होतं. "तुझं कॉलेज मी बंद केलं. जीपनं नाय, लोकांनी नाय. मी. वर तुझ्याच देखत तुझं रोजचं काम हिला शिक्षा म्हणून दिलं. माझं चुकलं, बाय. दोघींचंबी नुकसान केलं. मला माफ करा."