शेवाळाचं सूप

मुलगी शिकायला कोरियात गेली आणि एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरच्या खोलीत राहू लागली. त्या घरमालकिणीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय.

भेटल्या भेटल्या तिने वय विचारलं, मग लग्न झालंय का, मग वडील काय करतात. आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा एवढ्या चौकशीला दोन दिवस थांबतात. पुढे जिन्यात भेटली की रोज एकच, जेवलीस का? कधी मुळ्याचं लोणचं, कधी भाजलेली रताळी. थंडी पडली तेव्हा स्वतःचा मफलर. परक्या पोरीला उगाच कोण एवढं देतं? मग कळलं, बाईचा चाळिशीचा मुलगा बिनलग्नाचा आहे. माझं गणित लगेच जुळलं.

"आई, तो दुसऱ्या शहरात असतो गं. इथे नवीन माणसाला आधी खायला घालतात."

"सगळेच?"

"सगळे कशाला? बसमध्ये माझ्या शेजारी कधी कधी कोणी बसत नाही. पण बाई चांगली आहे ना."

मला काही ते पटलं नाही.

स्वतःच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पोरगी फोनवर म्हणाली, बाईने उद्या सकाळी खाली बोलावलंय, समुद्रातल्या शेवाळाचं सूप करणार आहे. आम्ही मासे खाणारी माणसं, पण शेवाळ? मला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवली.

"पोट बिघडलंय म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि या महिन्यात दुसरी खोली बघ, नाहीतर सरळ परत ये."

पोरगी माझं ऐकते. तेव्हा मला त्याचं कौतुकच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पोट बिघडल्याचं ऐकून बाईने तिला मऊ पेज करून दिली होती.

"पेजेत काय घातलं होतं?"

"तांदूळ, आई." मग म्हणाली, "ते सूप इथे बाळंतिणीला देतात. आपल्याकडे अळिवाची खीर देतात ना, तसं. म्हणून वाढदिवसाला आईची आठवण ठेवून ते प्यायचं. मला आजच कळलं."

"मग त्या सुपाचं काय केलं?"

"मी पेज खात होते, ती समोर बसून एकटीच प्यायली. म्हणाली, तुझ्या आईने एवढ्या कळा सोसल्या, तिच्या नावाने कोणीतरी प्यायला हवं."

मला भयंकर लाज वाटली. दुसरी खोली बघू नकोस, मी म्हटलं. आणि आत्ता खाली जा. पोट बिघडलं नव्हतं, ते खोटं माझ्या आईचं होतं, असं तिला सांग.