रांगेत नसलेला माणूस

एखादी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलीत, की सगळ्यांनी पाहिली म्हणून तुम्हीही पाहिली, हा प्रश्न तुम्ही स्वतःला शेवटचा कधी विचारलात? नोकरीत मी किती जबाब नोंदवले याची गणती नाही. पण हा प्रश्न मला एका गुरुवारानं शिकवला, आणि तो गुरुवार अजून माझी पाठ सोडत नाही.

साल एकोणीसशे पंच्याण्णव. त्या वर्षअखेरीस वर्तमानपत्रांनी सरत्या वर्षातल्या ठळक घडामोडी छापल्या तेव्हा पान अपुरं पडलं होतं. राज्यात सत्ता बदलली होती. बॉम्बे जाऊन कागदोपत्री मुंबई आली होती. फिरोजाबादजवळ दोन रेल्वेगाड्यांची टक्कर होऊन शेकडो माणसं गेली होती. दिवाळीत सूर्यग्रहण झालं, डिसेंबरात पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली. आणि सप्टेंबरात देशभर गणपती दूध प्याला. त्या पानावर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका गल्लीला जागा मिळणं शक्यच नव्हतं. माझ्या लेखी मात्र त्या वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट तिथं घडली.

मी तेव्हा फौजदार होतो. गणपती विसर्जनाचा बंदोबस्त नुकताच उतरला होता, पायांची सूजही गेली नव्हती. गुरुवारी सकाळी ठाण्यातले फोन वाजायला लागले. दिल्लीत मूर्ती दूध पितेय, मुंबईत पितेय, आपल्याकडंही पितेय. दुपारपर्यंत शहरातल्या प्रत्येक गणपतीपुढं रांग लागली आणि मला गल्लीतल्या देवळापाशी बंदोबस्ताला पाठवलं. माणसं तांबे, पेले, चमचे घेऊन उभी. दुकानांतलं दूध संपलं तेव्हा एक गवळी आपल्या म्हशीच घेऊन देवळाच्या दारात आला आणि धार काढून थेट लोकांच्या तांब्यात द्यायला लागला. रस्ता अडला. त्या म्हशी मी स्वतः दोनदा बाजूला करवल्या. एकीनं माझ्या बुटावर शेण टाकलं, ते अंधार पडेपर्यंत वाळत होतं. दिवेलागणीनंतरही त्या म्हशी तिथंच होत्या.

त्याच संध्याकाळी ठाण्यात एक बाई आल्या. विधवा, निवृत्त शिक्षिका. घरी गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेत. त्यांच्या कपाटातला कोल्हापुरी साज गेला होता. सासूकडून आलेला, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली दाराशेजारच्या कोनाड्यात असते हे घरच्यांना आणि शिकवणीच्या मुलांना ठाऊक होतं. बाई दुपारपासून रांगेत होत्या, दिवेलागणीला परतल्या तेव्हा कपाट उघडं.

फिर्याद लिहून झाल्यावर मी सहज विचारलं, "मग बाई, प्याला का गणपती?"

त्या म्हणाल्या, "मी चमचा सोंडेला लावला. दूध खाली ओघळून पायरीवरून वाहताना मला दिसलं. शेजारची म्हणाली, प्याला. मी म्हटलं, मला तसं दिसलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर घेऊन आला तो बाईंचा पुतण्या. तालमीतला गडी, मानेनं बैलासारखा. पलीकडच्या आळीतल्या एका तरुणाला त्यानं काकूच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं. मागोमाग गल्लीही आली. दहा तोंडं, एकच वाक्य: "आमीबी पायलं."

तो तरुण बौद्ध कुटुंबातला. बाईंकडंच शिकून मोठा झालेला. सैन्यभरतीत त्याची निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. मी त्याला बोलावून घेतलं. घाबरला होता, पण डोळ्याला डोळा देऊन बोलत होता.

"काल कुठं होतास?"

"रंकाळ्यावर पळून आलो, मग घरात. आई होती."

"अख्खी गल्ली देवळापुढं. तू का नव्हतास?"

"आमी देवळात जात न्हाई साहेब. माज्या आज्यापासनं जात न्हाई. सगळ्या गल्लीला ठावं हाय." मग आवाज खाली गेला. "साहेब, अटक झाली तर भरती जाईल. एवढंच बघा."

बाहेर गर्दी वाढत होती. गर्दीचा हिशेब सरळ होता: सगळे रांगेत होते, तो रांगेत नव्हता, म्हणजे तोच. कुणी एक जण ओरडला, "देवाला मानत न्हाई त्यो चोरीला भिणार व्हय?" आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "अटक दाखव, लोक पांगतील. नंतर बघू."

मी म्हणालो, "साहेब, अटक दाखवली की त्याची नोकरी गेली. मग नंतर बघायला काही उरत नाही."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "संध्याकाळपर्यंत," म्हणाले.

मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, साक्षीदारांना एकत्र बसवायचं नाही. एकेकाला आत आणायचं. माणसं घोळक्यात शूर असतात. टेबलासमोर एकटी बसली की त्यांना आपलं स्वतःचं मत आठवतं. पहिली आली भाजी विकणारी एक मावशी. पदर खोचून, भांडायच्या तयारीनं.

"पायलं की साहेब! ह्या डोळ्यानं!"

"कुठून पाहिलं?"

"रांगेतनं."

"रांगेत तुमचं तोंड कुठं होतं?"

"देवाकडं की. आनि कुठं?"

"आणि बाईंचं घर?"

मावशीनं हातानं दिशा दाखवली, हात पाठीमागं गेला आणि तिथंच थांबला.

"मग मावशी?"

"आता सगळीच म्हनत्यात म्हटल्यावर..."

"सगळ्यांचं मी सगळ्यांना विचारतो. तुम्ही काय पाहिलं?"

"देवाची पाठ पायली न्हाई आनि दाराचं तोंड पायलं न्हाई," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "लिवा. न्हाई पायलं."

दुपारपर्यंत सगळे असेच गळाले. कुणी शेजाऱ्याकडून ऐकलं होतं, शेजाऱ्यानं चहाच्या गाड्यावर. दोरा मागं मागं ओढत गेलो तेव्हा टोकाला एकच माणूस सापडला. पुतण्या. आणि तो रांगेत नव्हता हे तो स्वतःच सांगत होता.

त्याला मी खुर्ची दिली, चहा दिला. काही अधिकारी संशयिताला अडवतात, दरडावतात. माझा अनुभव वेगळा आहे. खोटं बोलणाऱ्याला मोकळा रस्ता द्यावा. सजवायच्या नादात तो स्वतःच खड्ड्यात उतरतो.

"पैलवान, सगळं पहिल्यापासून सांगा."

"जोर-बैठका मारल्या आनि रोजच्या वक्ताला दुधाच्या कट्ट्यावर गेलतो. दिवेलागणीला. तिथनं काकूचं दार सरळ दिसतंय. ग्लास हातात होता बघा, आनि ह्यो भायेर पडला."

आमच्याकडं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. तालमीची पोरं घाम पुसत तिथं येतात. त्याचं सांगणं इतर कोणत्याही दिवशी खरं वाटलं असतं.

"दूध कसं होतं?"

"कसं म्हंजे? रोजच्यागत. कोमट, फेसाचं."

"कुणाच्या म्हशीचं?"

त्यानं गवळ्याचं नाव सांगितलं. बेधडक. माझी नजर आपोआप माझ्या बुटाकडं गेली.

गवळ्याला आणायला शिपाई गेला. तो आला तो टोपी सारखी करत, आधीच रागात. रस्ता अडवला म्हणून दंड करणार असं त्याला वाटलं होतं. मी फक्त विचारलं, काल संध्याकाळी कट्ट्यावर किती जण दूध प्याले.

"कट्ट्यावर? साहेब, तुमीच तर माज्या म्हशी ढकलत हुता देवळाम्होरं! काल कट्ट्यावर शेण सुदीक न्हवतं, दूध कुटलं?" मग त्याचं लक्ष खुर्चीतल्या माणसाकडं गेलं. "काय पैलवान, कुणाची म्हस पिळलीस रं?"

पुतण्यानं चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी देशातला लहान पोरगाही दूध कुठं गेलं ते सांगू शकला असता. यानं सवयीची गोष्ट सांगितली, कारण त्या संध्याकाळी तो ना रांगेत होता ना कट्ट्यावर. रांगेच्या पाठीमागं, काकूच्या कपाटापाशी होता.

 तो म्हणाला, "माज्या आज्जीचा साज हाय त्यो. काकू लेकीला देनार, म्हंजे दुसऱ्याच्या घरात. आमी काय मेलो व्हय?"

"ते भांडण काकूशी. त्या पोराचं नाव का घेतलंस?"

यावर तो जे बोलला ते मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. "त्यो रांगेत न्हवता साहेब. त्येचं नाव घेतलं की दुसरं नाव कोन इचारनार न्हाई, म्हाईत हुतं."

मी अनेक गुन्हेगारांचे जबाब घेतले. गल्लीचा जबाब इतक्या थोड्या शब्दांत कुणी दिला नाही.

साज तालमीत होता, त्याच्या खारीक-बदामाच्या डब्याच्या तळाशी. जप्ती पंचनाम्याला पंच हवे होते. मी बाहेर आलो आणि मोठ्यानं म्हणालो, "सकाळी दहा जणांनी न पाहिलेलं पाहिलं होतं. आता दोघांनी खरोखर पाहायला चला." ठाण्याचं आवार बघता बघता रिकामं झालं. कुणाला दुकान आठवलं, कुणाला दवाखाना. उरली ती भाजीवाली मावशी.

"चला, मी येतो," ती म्हणाली. "ह्या टायमाला डोळ्यानं बघून अंगठा देतो." दुसरा पंच गवळी झाला.

डबा उघडला, साज वर आला, तेव्हा मावशीनं वाकून एकेक पान नीट पाहिलं आणि मगच अंगठा उठवला. त्याच संध्याकाळी मी तरुणाच्या पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारला आणि सहीसाठी मोठ्या साहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, मग सही केली. गल्लीतलं कुणी त्याची माफी मागायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तो सैन्यात रुजू व्हायला निघाला त्या सकाळी नेमकं सूर्यग्रहण होतं. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारं-खिडक्या लावून लोक घरात बसलेले. मी गस्तीवर एसटी स्टँडला गेलो तर फलाटावर तीनच माणसं. तो, त्याची आई, आणि बाई. साज अजून मुद्देमालात होता, बाईंचा गळा मोकळाच होता.

मी म्हटलं, "बाई, ग्रहणात बाहेर पडलात?"

"तो आज जाणार, तर आजच यायला हवं," त्या म्हणाल्या. त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "पत्र लिही. ऱ्हस्व-दीर्घ बघून."

तो हसला. त्या फिकट उजेडात त्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, मला सलाम केला आणि गाडीत चढला.

वर्षाच्या ठळक घडामोडी वाचताना मला तो फलाट आठवतो. त्या गुरुवारच्या लोकांच्या श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. ती ज्याची त्याची. पण न पाहिलेल्याची साक्ष देणं ही श्रद्धा नव्हे, तो गुन्हा आहे. आणि तो नेहमी त्याच्याच अंगावर जातो जो आपल्या रांगेत नसतो. त्या प्रकरणात चोर एक होता. एका पोराचं आयुष्य उधळायला दहा जण तयार होते, त्यांपैकी एकाचाही त्याच्यावर राग नव्हता.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी हात जोडून नव्हे, हक्कानं करतो. उद्या तुमच्या गल्लीत असंच काही घडेल. पोलीस विचारायला येतील, किंवा शेजारी नुसतंच सांगायला येईल की अमक्यानं केलं, सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा आपलं तोंड कुठं होतं हे आधी आठवा. पाहिलं असेल तर कितीही दबाव येवो, सांगा. आणि पाहिलं नसेल तर त्या मावशीसारखं ठणकावून म्हणा, "लिहा. मी नाही पाहिलं." आणि लिहून घेतल्याशिवाय उठू नका.