चोविसावा फोन

चार माणसं एकत्र आली की संस्था निघते आणि पाचवा आला की तिच्या दोन होतात, असं टेलिफोनवाल्या बाई म्हणायच्या. त्यांच्या उपनगरापुरतं तरी ते शंभर टक्के खरं होतं. बंद पडलेल्या शाळेच्या एका दुमजली इमारतीत अकरा संस्था नांदत होत्या. खाली आजाऱ्यांना खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या वापरायला देणारे. त्यांना लागून भटक्या कुत्र्यांचा दवाखाना, आणि त्या भुंकण्याला कंटाळून खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून बसलेले, अंधांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करणारे. वरच्या मजल्यावर नेत्रदानवाले आणि जुने चष्मे गोळा करणारे; गच्चीवर रोपवाटिका, जिचं पाणी नेत्रदानवाल्यांच्या कपाटावर गळायचं. सगळ्यांचे हेतू उदात्त, आणि सगळ्यांची भांडणं जिन्यातल्या दिव्यावरून.

त्या जिन्याखालच्या खोलीत बाईंची संस्था होती. नाव ‘सकाळचा फोन’. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा, बरं आहे ना विचारायचं, एवढंच काम. बाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन कचेरीत लोकांचे नंबर जोडून दिले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथे आल्या. लग्न केलं नव्हतं. दोघांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, ही खोड तुला नोकरीनं लावली, असं त्यांची मोठी बहीण चेष्टेनं म्हणायची.

यादीत तेवीस नावं होती. आठच्या ठोक्याला पहिला फोन. कुणी उचलला नाही तर पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा करायचा. तिसऱ्यांदाही नाही उचलला, तर भिंतीवरच्या फळीवर आकडे घातलेल्या खिळ्यांना प्रत्येकाच्या घराची जादा किल्ली टांगलेली असायची, ती घेऊन निघायचं. नियम बाईंनीच केला होता आणि त्यात त्या स्वतःच्या बापालाही सूट देत नसत.

मोठी बहीण, म्हणजे ताई, शाळेत शिवण शिकवायची. नवरा गेल्यापासून सहा मिनिटांच्या अंतरावर एकटी राहत होती. चाकाच्या खुर्च्यांना गाद्या शिवून द्यायची, नेत्रदानाचा अर्ज सगळ्यांत आधी तिनं भरला होता. सहा महिन्यांपूर्वी एके दिवशी ती ‘सकाळचा फोन’चा फॉर्मही भरून घेऊन आली, सोबत घराची किल्ली.

बाईंना हसू आवरेना. “अगं, घरच्या माणसाला कसला फॉर्म? मी रोज फोन करतेच की तुला.”

“यादीतल्यांना रोज करतेस,” ताई म्हणाली. “मला आठवण झाली की करतेस.”

“आजपासून रोज. झालं?”

“बरं बाई. भाज तू लष्कराच्या भाकऱ्या.”

बाईंनी फॉर्म न वाचताच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात. यादी संपली की त्या ताईला फोन करू लागल्या. बहुतेक दिवशी. अगदी रोज म्हणता येणार नाही.

मग एका सोमवारी सतराव्या नंबरनं फोन उचलला नाही. सतरावे म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर, वय एक्क्याऐंशी, तब्येत तोळामासा. तीनदा करून झाला, तेव्हा बाई स्वतः किल्ली घेऊन गेल्या. घरात कोणी नाही, मोबाइल उशाशी. मग काय विचारता! भांडणं जिन्यातच ठेवून अख्खी इमारत बाहेर पडली. कुत्र्यांच्या दवाखान्याची गाडी निघाली, रोपवाटिकेची पोरं बागा पालथ्या घालू लागली, नेत्रदानवाले गृहस्थ दोन इस्पितळांत डोकावून आले. पावणेबाराला मास्तर तळ्याकाठी सापडले. घडीच्या खुर्चीवर बसून बगळ्याचं चित्र काढत होते. “हळू बोला हो,” ते म्हणाले, “उडेल तो.”

सगळे हसले, मास्तरांवर ओरडले, मग पुन्हा हसले. चहा झाला. दुपार त्याच गोष्टीत गेली. संध्याकाळी सहाला बाईंना आठवलं, ताईचा फोन राहिलाच. हातात फोन घेतलासुद्धा. पण आता केला तर बगळ्याची सगळी कथा सांगावी लागणार, अर्धा तास तरी मोडणार, आणि पाय तर नुसते ठणकत होते. उद्या निवांत सांगू, मजा येईल तिला ऐकायला, असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

मंगळवारी तेवीस फोन करून त्यांनी ताईला लावला. रिंग वाजत राहिली. एरवी इतक्या शिस्तीच्या बाई, पण पाच मिनिटं थांबायचं त्यांना सुचलंच नाही. धावतच गेल्या.

ताई स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. टेबलावरचा कपडा निम्मा खाली ओढलेला होता. तारेचा फोन टेबलाच्या पलीकडच्या कडेला, कपड्याबाहेर होता; कपडा ओढून तो हाती आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळीच पडल्या असणार, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीपर्यंत जीव होता.

नेत्रदानवाले गृहस्थ स्वतः आले. जिन्यातल्या दिव्यावरून बाईंशी वर्षभर अबोला धरलेला हा माणूस, समोर बसला आणि कितीतरी वेळ चष्माच पुसत राहिला. “बाई, सहा तासांच्या आत लागतं हो,” तो शेवटी म्हणाला. “वेळ टळून गेली.” ताईचं तेवढं एक मागणं होतं, तेही राहिलं.

बाईंना रडू आलं नाही. संध्याकाळचे सहा तेवढे डोक्यात घण घालत होते. सहाला ताई जिवंत होती. लोक यायचे, तुमची काय चूक म्हणायचे. जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं, दिव्याखाली अंधार. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना राग आला नाही, कारण एवढ्या सगळ्यांत तेवढंच एक खरं होतं.

मास्तरही काठी टेकत भेटायला आले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? येताना बगळ्याचं चित्र काचेत बसवून आणलं होतं. “माझ्या पायी त्या दिवशी उगाच वणवण झाली तुमची,” ते म्हणाले. “हे ठेवा. तुम्ही आहात म्हणून आम्ही जगतोय, बाई.” कोपऱ्यात सही होती आणि खाली तारीख, सोमवारची. छान आहे, बाई म्हणाल्या. या माणसाला एक शब्द कळू द्यायचा नाही, एवढं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

पंधरा दिवस यादी दुसऱ्या कुणी सांभाळली. सोळाव्या दिवशी बाई साडेसातलाच येऊन बसल्या. चित्र किल्ल्यांच्या फळीशेजारी टांगलं. मग जे इतके दिवस टाळलं होतं ते केलं. ड्रॉवर उघडला आणि फॉर्म काढला.

ताईचं अक्षर तिच्या टाक्यांसारखं, एका ओळीत, कुठे ताण नाही. वय, पत्ता, औषधं. जवळची व्यक्ती: धाकटी बहीण. किल्ली कुणाकडे: धाकट्या बहिणीकडे. त्याखाली छापील प्रश्न होता, फोन किती वाजता केलेला आवडेल? तिथे ताईनं लिहिलं होतं: ‘सगळ्यांचे झाल्यावर, शेवटी केला तरी चालेल. तिला सकाळी घाई असते. पण रोज करावा.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पंधरा दिवस न आलेलं रडू त्यांना तिथे, जिन्याखाली आलं. शेजारच्या गाद्यांच्या खोलीतलं वाचन मध्येच थांबलं. दारात कुणी आलं नाही. कुणी आलं नाही ते बरंच झालं.

आठला त्यांनी तोंड धुतलं आणि पहिला फोन लावला. “बरं आहे ना?” एकामागून एक विचारत गेल्या. सतराव्यानं पहिल्याच रिंगला उचलला. “आज आवाज बसलाय तुमचा, बाई.” सर्दी झालीय, त्या म्हणाल्या. तेवीस झाले.

यादीच्या तळाशी त्यांनी चोवीस आकडा घातला आणि ताईचं नाव लिहिलं. नंबर बघावा लागला नाही. फोन लावला. घर अजून तसंच होतं, फोनही तिथेच होता, रिंग वाजली. पूर्ण वाजू दिली. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसल्या, पुन्हा लावला. पुन्हा पाच मिनिटं. तिसऱ्यांदा लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि ठेवला.

मग नियमाप्रमाणे त्यांनी पर्समधली किल्ली काढली आणि निघाल्या.