झाकण खाली ठेवायचं नाही

रेवती गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाणी पीत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, दीपकचा. "नंदा, गेली गं..." एवढंच म्हणाला. फोन बंद झाल्यावर मी नुसती बसून राहिले. शेजारच्या मॅडमनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा लक्षात आलं की बाटलीचं झाकण अजून माझ्या उजव्या करंगळीत अडकलेलं आहे. ही सवय रेवतीची. म्हणजे तशी आम्हा सगळ्याच सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांची. जिवाणू वाढवलेली नळी उघडली की तिचं झाकण टेबलावर ठेवायचं नाही, करंगळीनं धरून ठेवायचं. टेबलाला टेकलं तर नको ते जंतू चिकटतात आणि नळीतलं सगळं वाया जातं. आम्ही बाकीचे हे लॅबपुरतं पाळायचो. रेवतीनं ते थेट घरी नेलं. तिच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीचं झाकण कुणी ओट्यावर ठेवलं की बाईसाहेबांचा आवाज चढायचा. पाहुण्यांनाही सूट नव्हती.

अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत आम्ही दोघी एकाच सुमाराला लागलो आणि एकाच टेबलावर बसलो. पहिल्याच आठवड्यात मी घाईत झाकण खाली ठेवलं आणि ही माझ्यावर खेकसली, "ए बाई, उचल ते आधी! त्या टेबलावर काय काय बसलंय, माहितीये तुला?" मला असा राग आला होता की दुपारी डबासुद्धा वेगळा खाल्ला. पण तिचं काम बघितलं की राग टिकायचा नाही. तारेच्या कड्यावर जिवाणू घेऊन प्लेटवर रेघा ओढायच्या, हे आमचं रोजचं काम. माझ्या रेघा जिथे तिथे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात रुतायच्या. तिच्या, साडीला फॉल लावावा तशा, सरळ आणि अलगद. मी तिचा हेवा करायचे, आणि ते तिला सांगायचेही.

माहुलच्या खाडीचा चिखल ती डब्यांतून भरून आणायची. तिथल्या पाण्यावर तेलाचा तवंग कायमचाच, आणि त्या चिखलात तेल खाऊन जगणारे जिवाणू असणार, हा तिचा हट्ट. ते सापडले. पेपर छापून आला, साहेबांनी पेढे वाटले, आमच्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी तो सुरूच झाला नव्हता. एकदा कँटीनमध्ये म्हणाली, "नंदे, हे बिचारे तेल खायला बसलेत आणि आपण त्यांना फ्रीजमध्ये कोंडलंय. काय अर्थ आहे यार?" तिला हॉटेलांची गटारं दिसत होती. तळणाच्या तेलानं, तुपानं तुंबलेली. तिथे हेच जिवाणू पावडर करून टाकले तर? आणि खरंच तिनं राजीनामा दिला, मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्यानं घेतला. तिची आई मालवणकडची, तोंडानं फटकळ. कपाळावर हात मारून म्हणाली, "इतक्या शिकान शेवटाक गटारात हात घातलंस गो?" रेवती खो खो हसली होती. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाली, "दोन-तीन वर्षं धंदा करायचा. एकदा गाडी रुळावर आली की मी परत टेबलावर. बघच तू."

पहिलं गिऱ्हाईक घाटकोपरचं, एका उडप्याचं हॉटेल. मालक अण्णा भला माणूस. आठ दिवस पावडर टाकून बघू म्हणाला. आठ दिवसांनी आम्ही दोघी गेलो, झाकण उचललं, तर गटार होतं तसं तुंबलेलं. वासानं मी मागे सरले. रेवती मात्र गुडघ्यावर बसून वाकली आणि एकदम म्हणाली, "अण्णा, ह्यात फिनेल कोण टाकतं?" अण्णा अभिमानानं म्हणाला, "रोज टाकतो मॅडम! तुम्ही येणार म्हणून आज तर डबल टाकला. एकदम क्लीन!" पावडर टाकायची आणि तिच्यावर फिनेल ओतायचं, असं आठ दिवस नेमानं चाललं होतं. सगळे जिवाणू मेले होते. बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "वाट लागली... पण चूक त्याची नाही. मी नळीत जंतू सांभाळायला शिकले, माणसांना सांगायला नाही शिकले." पुढचा महिनाभर ती हॉटेलाहॉटेलांतून भांडी घासणाऱ्या बायकांशी बोलत फिरली. लोक तिला गटारवाली मॅडम म्हणायला लागले. ते नाव तिला फार आवडायचं.

धंदा वाढला. शेजारचा गाळाही घेतला, तिथे काचेचं पार्टिशन घालून लहानशी लॅब झाली. त्यात खिडकीपाशी एक टेबल तिनं स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. बर्नर, तारेचं कडं, खुंटीवर इस्त्री केलेला पांढरा कोट. कुणी त्या टेबलावर खोका ठेवला की ती स्वतः उचलून बाजूला करायची. पण बसायची मात्र नाही, कारण वेळच नसायचा. सांताक्रूझच्या विमानतळावरून तिचे फोन यायचे. "आज दिल्ली, उद्या इंदूर, मग बघू." मी विचारायचे, "आणि टेबल?" "पुढच्या वर्षी, नक्की!" हे पुढचं वर्ष इतक्यांदा ऐकलं की मला चीड यायची. एवढा हात असलेली बाई मीटिंगा करत फिरते, ह्याचं मला मनापासून वाईट वाटायचं. आणि तिलाही वाटायचं, हे मला ठाऊक होतं.

शेवटी मागच्या वर्षी तिनं खरंच एक मॅनेजर नेमला. फोनवर आवाजातून आनंद ओसंडत होता, "नंदे, कोट धुवायला टाकलाय. एक तारखेपासून मी टेबलावर, फोन बंद. झकास ना?" एक तारखेआधीच ताप आला. उतरेना. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला. उपचारांनी अंगातली प्रतिकारशक्ती पार जाते, म्हणून डॉक्टरांनी सगळं बजावलं. कच्चं खायचं नाही, खोलीत फुलं नकोत, गर्दी नको. मग काम काय करता, असं विचारलं. तिनं सांगितलं, तसे डॉक्टर आधी हसले, मग थांबले. म्हणाले, "मग ते तर अजिबातच नाही, मॅडम." तिनं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र उशीत तोंड खुपसून रडली, असं दीपकनं सांगितलं. आजार कळला तेव्हा रडली नव्हती.

दोन उपचारांच्या मधे जरा उतार होता तेव्हा तिनं हट्टच धरला. डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, दीपक तिला गाळ्यावर घेऊन आला. ती काचेच्या बाहेर खुर्चीत बसली आणि आत तिच्या टेबलावर मी. तिचा कोट मला घट्ट होत होता. फोन स्पीकरवर ठेवून ती सांगत होती, मी करत होते. माहुलचेच ते जुने जिवाणू. "बर्नर जवळ घे... आता झाकण... हां, करंगळीत... हळू ओढ गं, हळू! तुझा हात अजून जडच आहे."

"गप्प बस, रेवती."

ती हसली. मी वर पाहिलं तर तिनं काचेवर हात टेकला होता, आणि तो हात रेघ ओढल्यासारखा सावकाश सरकत होता, सरळ, अलगद. फोनमधून म्हणाली, "टेबल कुठे पळून जातंय, असं वाटायचं गं मला..." मी पुढची रेघ ओढली. दोन दिवसांनी प्लेटवर वाढ दिसली तेव्हा मी तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, 'वाकडंतिकडं आहे, पण जिवंत आहे.' त्यानंतर ती महिनाभरही राहिली नाही.

गेल्या रविवारी मुलुंडला गेले. घर शांत होतं. दीपक बँकेतला माणूस, स्वयंपाकघराशी त्याचा फारसा संबंध कधी नव्हता, पण म्हणाला, बस, चहा मी करतो. मी दाराशी उभी राहून बघत होते. त्यानं साखरेची बरणी उघडली. झाकण करंगळीत धरलं आणि त्याच हातानं चमचा धरायला गेला. ते काही जमेना, साखर ओट्यावर सांडली. मी म्हटलं, "अरे, ठेव ना ते खाली."

त्यानं हात ओट्यापर्यंत नेला आणि थांबला. "आता ओरडणारं कुणी नाही ना..." म्हणाला, "तरी होत नाही गं."

त्यानं झाकण परत लावलं. माझ्या कपात साखर घालायची राहिली होती, म्हणून बरणी पुन्हा उघडली, आणि झाकण पुन्हा करंगळीत धरलं.