हमीदभाईंचं अ‍ॅबर्डीन

किस्से साठतात कसे, सांगू? स्वयंपाकघरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखे. एकेक घडी घालून आत कोंबायची, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात फोनवर उतरवते. पण कुठली पिशवी कुठल्या दुकानातली, ते मला अजून अचूक आठवतं.

आम्ही अबुधाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. एका व्हिल्यात पाच घरं, सगळी रत्नागिरीकडची. समोरच्या घरात माझी मैत्रीण कुलसुम. तिचा आवाज असा, की तिने सुनेकडे मीठ मागितलं तर गल्लीच्या टोकाचा ग्रोसरीवाला पुडी घेऊन येतो!

तिचा नवरा हमीदभाई जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. कितीतरी वर्षं त्यांचं जहाज स्कॉटलंडच्या वरच्या अंगाला, अ‍ॅबर्डीन बंदरात असायचं. सुट्टीवर आले की सुरू! तिथलं गाव पाऊस पडला की चमकतं. डॉल्फिन बंदराच्या तोंडाशी येऊन बोटींना सलाम करतात. कोळ्यांची घरं समुद्राकडे पाठ करून बसतात. सूर्याला घरी जायची घाई नसते. मासळीवाला मुंड्या फुकट देतो! आम्ही बायका ओढणीत तोंड लपवून हसायचो. ‘थापाडे हमीदभाई’ हेच नाव पडलं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. कुलसुम त्याच गोष्टी आपल्या नातीला, सनाला सांगायला लागली. नातीने त्या शाळेत सांगितल्या, सगळा वर्ग हसला. सना रडत घरी आली, "दादी, दॅट्स नॉट ट्रू!"

कुलसुमचा मुलगा इम्रान म्हणाला, "अम्मी, अब्बांच्या थापा आता खलास. पोरीचं हसं होतंय."

कुलसुम त्या दिवशी जेवली नाही. माझी मुलगी नसरीन, जावयाच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे, नेमकी अ‍ॅबर्डीनलाच. मी जुलैत तिच्याकडे निघाले होते. कुलसुम आली आणि म्हणाली, "हलीमा, मला पण ने. एकेक गोष्ट डोळ्यांनी बघून येते. एक जरी खोटी निघाली, तर या घरात पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही."

*

आमच्यात कुणी निघालं की अख्खा व्हिला पार्सल देतो. कोकम, सोडे, कुळीथ, कुणाच्या भाचीचे शिवलेले कपडे. बॅगा भरल्या, कुलसुमच्या गरम कपड्यांना जागाच उरली नाही. मग काय, दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल, सगळं अंगावर घालून बाई एअरपोर्टला!

तपासणीवाला पोरगा घाबरला. "खाला, तबियत ठीक है? बाहर आग बरस रही है!"

"उधर ठंडी है, बेटा!"

"उधर पहुँचने को अभी आधा दिन है, खाला!"

*

पोचलो. गाव बघून कुलसुमचं तोंड उतरलं. घरं करडी, चर्चं करडी, पायऱ्यासुद्धा करड्या.

"हे चमकतं? हे तर सिमेंट आहे गो!"

तिसऱ्या दिवशी रस्त्यात पाऊस आला, पाच मिनिटांत गेला, आणि लख्ख ऊन पडलं. अल्ला कसम सांगते, भिंती पापलेटाच्या अंगासारख्या झगमगायला लागल्या! दगडातच चकाकी आहे म्हणे. कुलसुमला खरं वाटेना. ती एका घराच्या भिंतीपाशी गेली आणि ओढणीने खसाखसा पुसायला लागली, रंग निघतो का बघायला.

दार उघडून एक म्हातारी गोरी बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. मग काहीतरी बोलली. नसरीन हसून हसून बेजार.

"खाला, त्या म्हणतात, फार छान. आता खिडक्या पण पुसाल का?"

*

सूर्याचं सांगायला नको. जावई म्हणाला, "अम्मी, जेवून घ्या, साडेनऊ वाजले."

कुलसुम खिडकीत. "भर उन्हात रात्रीचं जेवण? सूर्य बुडू दे, मगरिबची नमाज होऊ दे आधी!"

चार दिवस तिने अशी वाट बघितली. पाचव्या दिवशी चुपचाप साडेसातला ताट घेऊन बसली. मला म्हणाली, "काय बघतेस? सूर्याला घाई नसेल, मला आहे!"

*

डॉल्फिनचं मात्र अवघड होतं. बंदराच्या तोंडाशी एक उंचवटा आहे, तिथे लोक दुर्बिणी लावून उभे. कुणी हुं का चूं करत नव्हतं. आम्ही दोन तास थंडीत. पाणी नुसतं पाणी.

कुलसुम पुटपुटली, "इतकी वर्षं खोटं बोलतील का गो?"

तेवढ्यात एक बोट आत शिरली, आणि तिच्या पुढ्यात काळी पाठ वर आली. मग दुसरी. मग पाच!

"आऽऽऽले! हलीमाऽऽ, आले!"

शेजारच्या माणसाच्या हातातून कॉफी पडली. कुणाचं तरी कुत्रं गाडीखाली जाऊन बसलं. डॉल्फिन पण गडप! सगळे वळून कुलसुमकडे बघायला लागले. आणि मग डॉल्फिन पुन्हा वर आले, आधीपेक्षा जवळ. एक बाई नसरीनपाशी आली आणि हळूच विचारलं, "त्या पुन्हा एकदा हाक मारतील का?"

*

समुद्राकडे पाठ केलेली घरं पण दिसली. बुटकी, ओळीने बसलेली, दारं आतल्या चौकात. आपल्याकडे कोळ्याला दारातून होडी दिसायला हवी. कुलसुमने त्यांच्या मागून एक चक्कर मारली, समुद्राचा वारा खाल्ला, दात वाजले, आणि परत आली.

"बरोबर आहे त्यांचं," म्हणाली. "याला कोण तोंड दाखवणार?"

*

राहिल्या मुंड्या. बंदरापासून जवळच एक जुनं मासळीचं दुकान. काचेत सगळे नुसते पांढरे तुकडे. डोकं नाही, शेपूट नाही. कुलसुमने आपल्या डोक्याला हात लावून दाखवला, मग माशाकडे बोट. दुकानदार, सत्तरीचा असेल, आत गेला आणि पिशवीभर मुंड्या घेऊन आला. पैसे दिले तर हात हलवला.

मग नसरीनला म्हणाला, "पूर्वी एक जहाजाचा स्वयंपाकी यायचा. तोच एकटा मुंड्या मागायचा."

कुलसुमने फोन काढून हमीदभाईंचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा लावला. ते गेल्याचं नसरीनने सांगितलं, तशी टोपी काढली. बोलायला लागला, आणि नसरीन एकेक वाक्य सांगत गेली.

"म्हणतात, हाच तो. दर वेळी बायकोबद्दल बोलायचा. तिच्या हातच्या मुंडीच्या सारासारखं जगात काही नाही म्हणायचा. आणि..." नसरीन अडखळली.

"आणि काय?"

"आणि म्हणायचा, माझी बायको इतकी शांत, इतकी हळू बोलणारी, की शेजारी बसलं तरी कान द्यावा लागतो."

"थापाड्याऽऽऽ!"

काचेतला बर्फ हलला! दुकानदार दोन पावलं मागे. कुलसुम आधी लाल झाली, मग ओढणी तोंडात कोंबून जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी.

मी मात्र घाबरले. एक खोटी निघाली होती ना!

परतीच्या प्रवासभर तिचं ते ‘पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही’ माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी पोचलो तर अंगणात सगळा व्हिला जमलेला. पार्सलं घेतली, चहा आला. इम्रान समोर बसला. सना त्याला टेकून.

"काय अम्मी? अब्बांचं किती खरं निघालं?"

कुलसुमने कप खाली ठेवला. ओढणी सारखी केली. ओठ हलले, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही. आम्ही सगळे पुढे वाकलो.

सना म्हणाली, "दादी, लाउडर प्लीज!"

कुलसुमने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तितक्याच हळू म्हणाली, "सगळं. एकूण एक."